कललेला कडा: चढायचा कसा आणि सांभाळायचा कुणी?



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात बलाचा पाठ शिकवताना मी मोबाइलवर एक छोटी चित्रफीत दाखवली. घराच्या छपरासारख्या पुढे आलेल्या खडकाला एक मुलगी खालच्या बाजूने चिकटून वर चालली होती. मधेच तिचा हात सुटला. ती धाडकन दोन-तीन मीटर खाली आली, दोरावर झुलली आणि चक्क हसली!

वर्गात एकच गलका झाला. त्यातले तीन प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.

पहिला प्रश्न: "सर, दोर बांधलेलाच आहे, मग त्यात काय विशेष?"

दुसरा प्रश्न: "एवढ्या उलट्या खडकावरून पडणं किती धोक्याचं! त्यापेक्षा सरळ कडा बरा नाही का?"

आणि तिसरा, मागच्या बाकावरून: "सर, आमच्या घरी विहिरीचा नाडा हाये. रविवारी नेमगिरीला जाऊन चढूत का?"

पहिले दोन प्रश्न विज्ञानाचे आहेत. तिसरा प्रश्न जिवाचा आहे. आजच्या पाठात तिघांचीही उत्तरं पाहू.

स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणजे नेमके काय?

खडक चढण्याला मराठीत प्रस्तरारोहण म्हणतात. त्याचा एक प्रकार म्हणजे स्पोर्ट क्लाइंबिंग. यात खडकावर चढण्याचा मार्ग आधीच ठरलेला असतो. त्या मार्गावर ठरावीक अंतराने भोकं पाडून पोलादी बोल्ट पक्के बसवलेले असतात. चढणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस असतो आणि दोराचं एक टोक त्याला बांधलेलं असतं. दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या उपकरणातून जातं. त्या जोडीदाराला बिलेअर म्हणतात.

चढणारा एकेका बोल्टपाशी पोचला की त्यात क्विकड्रॉ अडकवतो. क्विकड्रॉ म्हणजे एका छोट्या मजबूत पट्टीने जोडलेल्या दोन कड्या. वरची कडी बोल्टात, खालच्या कडीत दोर. मग पुढे चढायचं.

आता नीट लक्ष द्या. हा दोर चढणाऱ्याला वर ओढत नाही. तो सैलच असतो. दोर धरून चढलात किंवा मधे दोरावर लटकून दम घेतलात, तर तो मार्ग 'चढला' असं मानत नाहीत. जर्मनीतला कुर्ट अल्बर्ट हा गिर्यारोहक १९७५ च्या सुमारास, दोराचा किंवा खिळ्यांचा आधार न घेता जो मार्ग पूर्ण चढता आला त्याच्या पायथ्याशी लाल ठिपका काढू लागला. म्हणून अशा चढाईला आजही 'रेडपॉइंट' म्हणतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे: चढायचं आपल्याच हातापायांनी. दोर फक्त पडल्यावर कामाला येतो.

हा खेळ आता चांगला रुजला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली झालेल्या स्पर्धेत, तो पहिल्यांदा खेळला गेला. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटने तिथे आणि पुन्हा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आणि हे सगळं फार लांबचं आहे असं समजू नका. २०१६ आणि २०१७ साली या खेळातल्या बोल्डरिंग प्रकाराची विश्वचषक फेरी आपल्या नवी मुंबईत झाली होती. बोल्डरिंग म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवर, दोराशिवाय, खाली जाड गाद्या टाकून केलेली चढाई.

कललेल्या कड्यावर हाताला इतका भार का येतो?

जो कडा चढणाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणजे ज्याचा माथा पायथ्याच्या पुढे असतो, त्याला ओव्हरहँग म्हणतात. आपण सोयीसाठी 'कललेला कडा' म्हणू.

चला, गणित मांडू. सोपं जावं म्हणून बल 'किलो वजना'त सांगतो. न्यूटन हवं असेल तर ९.८ ने गुणा.

समजा, चढणाऱ्याचं वजन ६० किलो आहे. त्याचे पाय आणि हात यांच्यातलं अंतर १८० सेंटिमीटर. शरीराचा गुरुत्वमध्य कमरेजवळ, पायांपासून १०० सेंटिमीटरवर आणि खडकापासून ३० सेंटिमीटर बाहेर.

आधी सरळ उभा कडा घेऊ. इथे सगळं वजन पायांवर ठेवता येतं. पण कंबर खडकाबाहेर असल्यामुळे शरीर मागे कलंडू पाहतं. ते कलंडू नये म्हणून हातांनी खडकाकडे ओढावं लागतं. किती? ६० गुणिले ३० भागिले १८०, म्हणजे १० किलो. दोन हातांत मिळून फक्त १० किलो! आणि तेवढ्याच बलाने पाय खडकावर दाबले जातात, त्यामुळे घर्षण वाढतं आणि पाय घसरत नाहीत.

आता हाच कडा ३० अंशांनी आपल्याकडे कलवा. गुरुत्वमध्य आता पायांपासून आडव्या दिशेत जवळजवळ ७६ सेंटिमीटर बाहेर जातो. (१०० चा साइन ३० म्हणजे ५०, आणि ३० चा कोसाइन ३० म्हणजे २६. बेरीज ७६.) हातांवर किमान ६० गुणिले ७६ भागिले १८०, म्हणजे सुमारे २५ किलो भार येतो. अडीचपट!

पण खरी गंमत पुढेच आहे. ३० अंश कललेल्या कड्यावर गुरुत्वाकर्षण शरीराला खडकापासून ३० किलोने दूर ओढतं. त्यातले २५ किलो हात सांभाळतात. उरलेले ५ किलो कुणी सांभाळायचे? पायांनी! म्हणजे सरळ कड्यावर पाय खडकाला ढकलत होते, तर कललेल्या कड्यावर पायांनी खडकाला *ओढून धरायचं* आहे. बोटं खाचेत अडकवून, टाच उंचवट्यावर रोवून. म्हणूनच या चढाईचे बूट पायाला घट्ट आणि पुढे चोचीसारखे खाली वळलेले असतात. पायांनी ही पकड सोडली की ते हवेत सुटतात आणि सगळे ६० किलो दोन हातांवर येतात.

आता कंबर खडकाजवळ घ्या. ३० ऐवजी १५ सेंटिमीटर. पुन्हा गणित करा. हातांवरचा भार २५ वरून २१ किलोवर येतो आणि पायांचा वाटा ५ वरून ९ वर जातो. म्हणजे हाताचा भार पायांनी उचलला. चार किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण वीस-तीस हालचालींच्या मार्गावर प्रत्येक वेळी चार किलो वाचले, तर शेवटच्या खाचेपर्यंत बोटांत ताकद उरते. म्हणूनच मुरलेले चढणारे गुडघा आत वळवून कंबर खडकाला भिडवतात. आणि हात शक्यतो सरळ ठेवून लटकतात, कारण कोपरात वाकवलेला हात लवकर भरून येतो.

आपल्या मल्लखांबात काय वेगळं असतं? मल्लखांबाची अढी पायांचीच असते. नवा मुलगा हातांनी खांब आवळतो आणि लगेच दमतो. शिकलेला मुलगा मांड्या आणि पाय वापरतो, हात मोकळे ठेवतो. ज्यांनी दोरीचा मल्लखांब केला आहे, त्यांना अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी पकडणं ठाऊक आहे. कललेल्या कड्याचं मर्म तेच आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला नॉर्वेत आहे. फ्लाटांगर इथल्या एका प्रचंड गुहेच्या छताला लागून 'सायलेन्स' नावाचा मार्ग आहे. चेक प्रजासत्ताकाच्या अॅडम ओन्ड्राने तो २०१७ साली चढला. काठिण्य ठरवण्याच्या फ्रेंच पद्धतीत ९सी हा दर्जा जगात पहिल्यांदा याच मार्गाला मिळाला. त्यातल्या कठीण जागी ओन्ड्रा उलटा होऊन, पाय आधी वर नेऊन चढतो, आणि खडकाच्या फटींत गुडघे अडकवून दम घेतो. त्यासाठी त्याने हातांइतकीच पोटऱ्यांचीही तयारी केली होती. जगातल्या कठीण मार्गाचं उत्तर पायांत सापडलं!

पडणे: कुठे बरे, कुठे वाईट?

आता दुसरा प्रश्न. उलट्या कड्यावरून पडणं जास्त धोक्याचं का? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. बऱ्याचदा ते कमी धोक्याचं असतं.

तिरप्या, उताराच्या खडकावरून पडलेला माणूस खरचटत, आपटत खाली येतो. सरळ कड्यावर मधे एखादा कट्टा असेल तर घोटा त्याच्यावर आदळतो. कललेल्या कड्यावरून पडलेल्याच्या खाली मात्र काय असतं? हवा! तो मोकळ्या हवेत खाली येतो आणि दोर ताणला जाऊन झुलत थांबतो. चित्रफितीतली मुलगी म्हणून हसली.

पण या वाक्याला 'जर' जोडलेले आहेत, ते पाठ करा. पहिले एक-दोन बोल्ट लागेपर्यंत पडलं तर माणूस थेट जमिनीवर येऊ शकतो. तिथे बिलेअरने डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं असतं. दोर पायामागे गेला असेल, तर पडताना माणूस उलटा होऊन डोकं आपटतं. बिलेअरने दोर एकदम घट्ट रोखला, तर झोका खडकाकडे जोरात येतो. म्हणून चांगला बिलेअर त्या क्षणी स्वतः थोडा वर उचलला जातो आणि धक्का मऊ करतो. उतरताना क्विकड्रॉ काढत यायचं असतं, तेव्हा शेवटचा काढल्यावर माणूस लंबकासारखा बाहेर झुलतो. मागे झाड आहे की दगड, हे आधी बघावं लागतं.

म्हणजे इथे पडणं हा अपघात धरलेला नाही. तो खेळाचाच भाग आहे, आणि त्याची तयारी चढण्याआधी झालेली असते. ही तयारी नसेल, तर तीच मोकळी हवा जीवघेणी आहे.

विहिरीचा नाडा का चालत नाही?

आता आपल्या मागच्या बाकाकडे वळू.

नाडा मजबूत असतो, यात शंका नाही. पाण्याने भरलेली मोट त्यानेच ओढली जायची. पण मोट हळूहळू वर येते. पडणारा माणूस वेगाने खाली येतो. प्रश्न दोर तुटेल का एवढाच नाही. प्रश्न आहे, दोर किती अंतरात थांबवेल?

समजा, ६० किलोचा मुलगा दोर ताणला जाण्याआधी ४ मीटर पडला. न ताणणाऱ्या दोराने त्याला २० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी बल येतं ६० गुणिले ४.२ भागिले ०.२, म्हणजे १२६० किलो! चढाईचा खास दोर आतून ताणला जाणारा असतो. त्याचा ताण आणि बिलेअरचं उचललं जाणं मिळून हीच पडझड १.६ मीटरमध्ये थांबली, तर सरासरी बल ६० गुणिले ५.६ भागिले १.६, म्हणजे २१० किलो. मुलगा तोच, उंची तीच. फरक सहापट.

क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे का नेतो? तेच कारण आहे. १२६० किलोचा धक्का कमरेला बसला, तर दोर न तुटताही माणूस तुटतो. म्हणूनच चढाईच्या दोराची प्रमाणित चाचणी होते. ८० किलोचं वजन टाकून घेतलेल्या त्या चाचणीत एकेरी दोराचा धक्का १२ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १२०० किलोपेक्षा, जास्त होता कामा नये. ही चाचणी प्रत्यक्ष चढाईतल्या बहुतेक पडण्यांपेक्षा कितीतरी कठोर असते.

नाडा, कासरा, सोल, ट्रॅक्टरला बांधायचा दोर, यांतला एकही या कामाचा नाही. ते त्यांच्या कामात पक्के आहेत, पण पडत्या माणसाला झेलणं हे त्यांचं काम नाही.

बोल्ट कुणाचा?

समजा, दोर चांगला आणला. तरी एक प्रश्न उरतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्या बोल्टावर तुम्ही लोंबकळणार, तो कुणी बसवला? कधी? त्याच्याकडे नंतर कुणी पाहिलं का?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रेड रिव्हर गॉर्ज हा वालुकाश्माच्या कड्यांचा प्रदेश आहे. तिथल्या म्यूर व्हॅली या दरीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही दरी सरकारी नाही. रिक आणि लिझ वेबर या दांपत्याने ती विकत घेतली आणि २००४ पासून चढणाऱ्यांसाठी खुली केली. नवशिक्यांच्या सोप्या मार्गांपासून 'मिडनाइट सर्फ'सारख्या अंगावर येणाऱ्या भिंतीपर्यंत तिथे शेकडो मार्ग तयार झाले. २०१५ साली त्यांनी ही दरी 'फ्रेंड्स ऑफ म्यूर व्हॅली' या ना-नफा संस्थेच्या हवाली केली. आज स्वयंसेवक तिथल्या वाटा दुरुस्त करतात, बोल्ट बदलतात, अपघात झाला तर वाहन आत जावं म्हणून रस्ता राखतात. येणाऱ्या प्रत्येकाला आधी लिहून द्यावं लागतं की धोका समजून, स्वतःच्या जबाबदारीवर चढतो आहे. मुलगा अज्ञान असेल तर पालकांची सही लागते.

हे लिहून देणं म्हणजे मालकाने अंग काढून घेणं, असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. तो कागद दोन्ही बाजूंनी वाचावा. मालक म्हणतो, मी मार्गाची काळजी घेतो. चढणारा म्हणतो, मी माझी गाठ तपासतो.

काळजी म्हणजे किती बारीक, याचं एक उदाहरण. कललेल्या मार्गावरून क्विकड्रॉ काढून आणणं अवघड असतं, म्हणून अनेक ठिकाणी ते कायमचे लटकवून ठेवतात. शेकडो जण त्याच कडीतून दोर नेतात. धुळीने माखलेला दोर अॅल्युमिनियमची कडी हळूहळू कापतो. विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा तुम्ही पाहिल्या असतील, अगदी तशाच. पण इथे त्या खाचेची कड सुरीसारखी धारदार होते आणि मग ती दोरच कापू शकते. अशा घटना प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. म्हणून सांभाळल्या जाणाऱ्या ठिकाणी त्या जागी जाड पोलादी कड्या लावतात आणि त्याही वेळोवेळी बदलतात. लांबून ती कडी नवीच दिसते. जवळ जाऊन बोट फिरवणारा कुणीतरी लागतो.

आता आपल्याकडे या. आपला खडक बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सह्याद्रीत त्याचे उभे कडे झाले, आपल्या परभणीत त्याची झीज होऊन काळी कसदार माती झाली. निसर्गाने आपल्याला कडा दिला नाही, कापूस दिला! जिंतूरकडे डोंगर आहेत, पण नेमगिरी हे जैन लेण्यांचं आणि श्रद्धेचं ठिकाण आहे. तिथे ठोकाठोक करणं शोभत नाही. किल्ले आणि लेणी जिथे संरक्षित स्मारक आहेत, तिथे खिळा मारणं कायद्यानेही गुन्हा आहे. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी लागते. आणि मोकळ्या डोंगरावरचा सुटा दगड कुणी तपासलेला नसतो.

मग उत्तर 'नाही' आहे का?

नाही. उत्तर आहे, 'असं नाही.'

राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्या संस्थांनी नोंदणी करायची आहे. म्हणून शिबिराला जाताना पहिला प्रश्न विचारा, "तुमची नोंदणी आहे का?" मुंबईतली गिरिविहार ही जुनी संस्था या क्षेत्रात काम करते. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांचा अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत आणि गुजरात सरकारच्या माउंट अबू इथल्या संस्थेत रीतसर अभ्यासक्रम असतात. आणि तोपर्यंत? शाळेचा मल्लखांब आहेच. तो पाय शिकवतो.

आपण तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट अभिमानाने सांगतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्याचा कडा मावळे चढले. घोरपड खरी की लोकांनी रचलेली, हा वाद राहू द्या. पण वरच्याने दोर नीट बांधला आहे, या विश्वासावरच खालचा चढतो, एवढं त्या गोष्टीतही आहेच.

मागच्या बाकावरच्या माझ्या लेकरा, तुझा नाडा घरीच राहू दे. तुझी हौस मात्र घेऊन ये. तिची गरज आहे.

करून पाहा

मैदानावरच्या पक्क्या लोखंडी खांबाच्या बुडाशी पाय ठेवा. छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी खांब धरा आणि मागे झुका. पाय जमिनीवरच राहू द्या, शेजारी एक मित्र उभा करा.
१) आधी कोपर वाकवून एक मिनिट थांबा. मग हात सरळ ठेवून एक मिनिट थांबा. कोणत्या वेळी हात लवकर भरून आले?
२) कंबर बाहेर सोडा, मग खांबाजवळ घ्या. हातांवरच्या ओढीत काय फरक पडला?

स्वाध्याय

१) कडा ४५ अंशांनी कललेला असेल, तर वरच्याच माणसाच्या हातांवर किमान किती भार येईल?
२) ४ मीटर पडलेला ५० किलोचा मुलगा १ मीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल किती?
३) तुमच्या गावात सगळे वापरतात पण कुणी तपासत नाही, अशी एक वस्तू शोधा: झोका, पाळणा, विहिरीची कडी, पुलाचा कठडा. ती कुणी तपासायला हवी, ते पाच ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात वाचून दाखवणार आहे. नीट पाहून लिहा.